हरणाचं मशीन

—न्हाई, न्हाई, पाडलं न्हाई. पान्यात पडलं न्हाई, हातातनं सुटलं न्हाई, शेरडानं खाल्लं न्हाई. आधीच्या मिस्त्रीनं बी पैला सवाल ह्योच केल्ता. पटकेवालं मानूस दिसलं की त्यानं पाडलंच आसनार, व्हय? आरं गड्या, दोन काखंत दोन कोकरं धरून आमी पावसात घाट उतरलेली मानसं, आमच्या हातनं काय पडतंय! आज बी गावाकडनं सांगलीपतोर यष्टीत मांडीवर धरून आनलंय. खड्डा आला की वर उचलायचं, खड्डा गेला की खाली घ्यायचं — मांडी मोडली माझी, पन मशिनीला धक्का लागू दिला न्हाई. तवा आळ घिऊ नगंस. तू पायताण भाईर काढाय लावलंस, काढलं. पटका काढ म्हनशील तर न्हाई काढनार, आदीच सांगतो. आन् ह्यो गार वारा कशापाय सोडलायस? मशिनीस्नी? मानूस मेलं तरी चालंल, मशिनीला ऊन लागू नये! बरं बरं, ऱ्हाऊ दे. सोसतोय. हरणा आलीच आता, समोर यसटीडीत गेलीया, बेंगलोरला तिच्या सायबाला फोन लावाय. हरणा म्हंजे ती आत्ता तुझ्याशी इंग्रजीत बोलली ती — माझी ल्येक. हरणाबाई, माझ्या आयचं नाव. जाताना म्हनली, आबा, मशीनपास्नं हलू नगा. म्हनून बसलोय. जलमभर मेंढरं राखली, आता ह्ये राखतोय.

तिनं सांगितलं न्हवं तुला काय हुतंय त्ये? — मग परत काय सांगायचं? बरं, ऐक. सकाळी चालू केलं की पळतंय. लय पळतंय. ती बोटं मारती आन् अक्षरं पडत जात्यात, चालत्या मेंढराच्या लेंड्या पडल्यागत — हसू नगं, दुसरं कशागत सांगू, मला ठावं हाय त्येच सांगनार. मग वाईच येळानं मशीन तापतंय. खालनं हात लावला तर तव्यागत. आन् तापलं की हळू हुतंय. बोट आत्ता मारलं तर अक्षर हिरीवर पानी पिऊन येतंय. बरं, बंद पडतंय म्हनावं तर न्हाई. बंद पडलं आसतं तर एक बरं, मेलं म्हनून सोडून दिलं आसतं. ह्ये चालतंय, पन पाय वढत. बंद करून गार केलं, की परत पळतंय. परत तापतंय, परत रखडतंय. दसऱ्यापास्नं ह्योच खेळ चाललाय — काय? दसऱ्यापास्नं म्हनलो व्हय म्या? आगंमागं म्हन. तुला तितीवर काय करायचंय? तू काय भटजी हायस? मशीन उकल.

काय म्हनलास? आपुनहून हळू हुतंय? म्हंजे रोग न्हवं? — आत एक चिप हाय, व्हय, ती जीव, बरं — आन् ती तापली की जळू नये म्हनून आपला आपुनच पाय हळू टाकती? आसं हाय व्हय! मग शानं हाय की जनावर. आमची मेंढरं बी चैतातल्या उन्हात आसंच करत्यात. चालता चालता थांबत्यात, आन् एकमेकीच्या पोटाखाली डोस्की घालून कोंडाळं करून हुबी ऱ्हात्यात. काठी मार, शिव्या दे, कुत्रं सोड — हलायची न्हाईत. आता नवीन पोरगं आसंल त्ये मारत बसतंय. जुनं मानूस सावली बघतंय. मग ह्या चिपला सावली का मिळंना त्ये बघ. — पंखा हाय आत? ठावं हाय मला पंखा हाय त्ये. बघितलाय— म्हंजे आवाज ऐकलाय. आवाज येतोय की घुर्र घुर्र. येत हुता. आता येत न्हाई फारसा.

आधीचा मिस्त्री? त्यो त्या चौकातला. कुनाचं नाव घेत न्हाई म्या. त्यानं उकललं बी न्हाई. चालू केलं, दोनदा खाटखूट केलं आन् म्हनला व्हायरस हाय. म्या म्हनलं मग लस टोच. तर माझ्याकडं बघून हसला आन् आतलं समदं पुसून परत भरलं. घरी न्हेलं, परत त्येच. मग हंबीरराव आला, आमच्या भावकीतला, कुपवाडला कारखान्यात हाय. म्हनला, नाना, आमच्याकडं हवेचा पाईप हाय, लेथ मशीन साफ करतो तसा एक झोत मारतो, बघा कसं पळतंय. हरणा त्याच्या आंगावर आशी धावली! म्हनली, दादा, ह्ये लेथ न्हाई, ह्ये कंपनीचं हाय, माझा जीव गेला तरी चालंल ह्याला कुनी हात लावायचा न्हाई. म्या तवा तिथंच हुतो. मग तिनं पोतं भिजवून त्यावर ताट ठिवलं, ताटावर मशीन. रांजनाच्या कडंला बसून काम केलं पोरीनं. हिची आय, अंबूबाई, ताडाच्या पंख्यानं वारा घालत बसली, बाळंतीन आसल्यागत. आन् म्या? म्या काय करनार. म्या दारात बसलो. बघत बसलो.

तर आज करशील का न्हाई त्येवढं सांग. उद्या-परवा चालनार न्हाई. आज संध्याकाळी मिरजंतनं तिची बेंगलोरची गाडी हाय. आन् सोमवारी सायबाच्या हातात काम पायजे. म्हंजे गाडीत बसून, मैतरनीच्या खोलीवर बसून, कसं बी करून तिनं त्ये पुरं करायचं, आन् त्यासाठी ह्ये पळाय पायजे. पुरं झालं तर हिचं नाव लागलं जर्मनीला. न्हाई झालं तर दुसरी कोन तरी हाय मद्रासकडची, ती जानार. आता फोनवर त्येच बोलत आसंल, मशीन बिघडलंय म्हनून मुदत मागत आसंल. त्यो काय देतोय मुदत! — आरं, जर्मनीत काय म्हंजे? तुला ठावं न्हाई? कंपुटरवाला हायस न्हवं तू? दोन हजार साल याया लागलंय. आन् तुझ्या ह्या मशिनीस्नी त्ये मोजाय येत न्हाई म्हनं. नव्व्यान्नव झालं की म्होरं त्यास्नी शून्य दिसतंय. म्या हरणाला म्हनलं, मग त्यात काय मोठं? मला तरी कुटं येतंय वीसाच्या म्होरं! दुसरीत मास्तरनं हाकललं मला. वीस मेंढरं झाली की एक खडा खिशात, परत एकपास्नं. कवा चुकलो न्हाई. तर लय हसली. म्हनली, आबा, आमी बी त्येच करनार हाय, तिकडल्या बँकंत जाऊन खडं ठिवायचं. दीड वर्स. दीड वर्स खडं ठिवायचं म्हनं. मोठी बँक आसनार.

किती स्क्रू रं ह्याला? आमच्या हिरीवरच्या इंजनाला येवढं न्हाईत. — न्हाई, बोलतो म्या, तू काम कर. माझं तोंड चालू ऱ्हातंय. रानात आठ आठ म्हयनं मेंढरांसंगं बोलायचं, ती बी तुझ्यागतच, उलटून बोलत न्हाईत. बरं वाटतंय.

काय झालं? का थांबलास?

पिवळं? कुटं पिवळं?

आता आसंल कसलं तरी. रंग आसंल कंपनीचा. — हळद? हळद कुटनं येनार आत? तू बी काय तरी. जेवताना काम करती ती, सांडलं आसंल कालवन. कालवनातली हळद. — वास? मला न्हाई येत वास. सर्दी हाय मला. तुझ्याच ह्या गार वाऱ्यानं. — आन् त्ये काय वढलंस चिमट्यानं? दोरा हाय. सुताचा दोरा आसंल.

थांब.

थांब, थांब, थांब! आरं त्यो ब्रश ठिव आदी! केरात न्हाई जायाचा त्यो. फुकू बी नगंस. खाली पडंल, तुमी पाय द्याल त्याच्यावर. कागद हाय का? कागद नगं — ह्यो घे, माझ्या पटक्याचा शेव धरतो, ह्यात पाड. हळू. हळू पाड. त्यो भंडारा हाय गड्या. बिरुबाचा भंडारा हाय.

व्हय. म्याच.

आता आसं डोळं मोठं करून बघू नगंस, सांगतो. सांगतो, पन दारावर ध्यान ठिव, ती दिसली की खूण कर. खंडेनवमीला आमी हत्यारं पुजतो. तुमी बी पुजत आसाल — स्क्रू पिळायचं काय तुझं त्ये पुजत न्हाईस? मग! आमची काठी, कुऱ्हाड, लोकर कातरायची कातर, हिरीवरचं इंजन, हंबीररावची लुना बी आनून लावतो. ज्याच्यावर प्वाट चालतंय त्याला भंडारा लावायचा. मग पोरीचं प्वाट कशावर चालतंय? ह्याच्यावरच की. बरं, ती कॉलेजात हुती, हितंच सांगलीत, तवा एकदा म्या गेल्तो बघाय. कंपुटरच्या खोलीच्या भाईर समद्या पोरांची पायताणं. रांगंनं. शिपाई म्हनला, बाबा, चपला काढून आत. आता तूच सांग, पायताण काढून जायाचं म्हंजे आत काय आसनार? तू बी काढाय लावलंस! द्येवाच्या दारात काढाय लावायची आन् भंडारा टाकला की डोळं वटारायचं, ह्ये कसं?

ती आंघोळीला गेल्ती. मशीन चालूच हुतं, कायतरी आपलं आपुन करत हुतं. म्या उचललं, हळूच — पाडलं न्हाई, सांगितलं न्हवं — आन् कातरीच्या शेजारी घोंगड्यावर मांडलं. कपाळाला लावतो तसा भंडारा लावला. चिमूटभरच. आन् काय सांगू तुला, त्या बाजूच्या फटीतनं त्यानं त्यो आत वढला! आत! म्या बघितला ह्या डोळ्यांनी. घुर्र करून श्वास घेतल्यागत भंडारा आत गेला. आरं, म्हाताऱ्या मानसानं काय समजायचं? इंजनानं कवा घेतला न्हाई, कुऱ्हाडीनं घेतला न्हाई. लुनानं घेतला न्हाई. ह्यानं घेतला. माझ्या आंगावर काटा आला. म्या दुसरी मूठ टाकली, ती बी घेतली. मग लोकर. बिरुबावर आमी लोकर उधळतो, भंडारा आन् लोकर, यात्रंत सगळं आभाळ पिवळं हुतंय — तर लोकरीचं पुंजकं बी घेतलं. द्येव घेतोय म्हनल्यावर देनारा थांबतोय व्हय? ओंजळीनं घातला म्या. मग भाईरनं पटक्यानं स्वच्छ पुसलं आन् हुतं तिथं ठिवलं. ती वरडली आसती. आल्या दिवसापास्नंच म्हनत हुती, ह्याला कुनी हात लावायचा न्हाई. अंबूबाईला बी ठावं न्हाई. तुला सांगतोय त्येवढंच.

सादा न्हवता रं नवस.

काय न्हाई. काम कर तू.

काय मागितलं म्हंजे? लोक काय मागत्यात? पोरीला यश दे. काम हू दे. आसंच मागत्यात. — मग तसं का बघतोयस? तू काय पोलीस हायस?

बरं, न्हाई मागितलं तसं. झालं? म्या म्हनलो, बिरुबा, हिचा पाय आडव. बस्स, येवढंच. लंगडी कर म्हनलो न्हाई, आजारी पाड म्हनलो न्हाई, नोकरी घालव बी म्हनलो न्हाई. बेंगलोरला ऱ्हाऊ दे की, बेंगलोर काय लांब, रातभर गाडी. पन ती जर्मनी नगं. हिचा पाय आडव, येवढंच म्हनलो. आन् त्यानं ऐकलं, त्याची बी कमालच. म्या पोरीचा पाय आडव म्हनलो तर त्यानं मशिनीचा आडवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी काम कराय बसली आन् मशीन पाय वढाय लागलं. मला तिथंच कळालं. तुझ्या आदी, त्या व्हायरसवाल्याच्या आदी मला कळालं. म्हनलं, घेतलं गाऱ्हानं. आन् लय ग्वाड वाटलं मला, खोटं कशाला बोलू. एक दिस ग्वाड वाटलं.

मग तिचं रडं सुरू झालं. हरणा रडत न्हाई रं. ल्हानपनी काटा मोडला तरी रडली न्हाई, दातानं काटा काढायची. ती रांजनाला पाठ लावून, मशीन मांडीवर घिऊन रडत हुती. आवाज न्हाई कसला. बोट मारायची आन् अक्षराची वाट बघायची. बोट मारायची आन् वाट बघायची. म्या दारात. आता सांग, काय करनार म्या? द्येवाला सांगायचं, द्येवा, चुकून म्हनलो, परत घे? त्यो काय दुकानदार हाय? आन् हिला सांगायचं, तुझा बा तुझ्या मशिनीत ओंजळीनं भंडारा घालून बसलाय, तू जाऊ नयेस म्हनून? तोंड दाखवाय जागा ऱ्हाईल का मला? म्हनून म्या म्हनलं, चल, सांगलीला न्हिऊ, म्या धरतो मांडीवर. येवढंच माझ्या हातात हुतं. मांडीवर धरायचं.

म्हातारा झालोय, म्हनून नगं वाटतंय, आसं समजू नगंस. माझं मला हुतंय. मेंढरं इकली गेल्या साली, गुडघं ऱ्हाईलं न्हाईत. पन एक खोड जात न्हाई. सांजंला वाडग्यात मेंढरं कोंडली की मोजायची. एक कमी आसलं तर झोप न्हाई. समदी झोपत्यात, कुत्री झोपत्यात, आपुन भाकर न खाता रानात हाका मारत फिरायचं. आता मेंढरं न्हाईत आन् सांज झाली की माझी बोटं आपुनच खडं मोजाय लागत्यात. तिघंच की आमी. म्या, अंबूबाई, हरणा. वीस बी न्हाई, खडा बी लागत न्हाई. तरी रोज एक कमी भरतंय. बेंगलोर म्हनलं तर मनाला सांगता येतंय, हाय, पल्याडच्या रानात हाय. जर्मनीला हाक कुटनं मारायची?

हिची आय काय म्हनली सांगू? म्या कुरकुर करत हुतो, थंडी आसंल, खायाचं काय, लगीन कवा करायचं, आसं. अंबूबाई चुलीपाशी हुती. म्हनली, आवं, माझं येनं सुटल्यावर बी तुमी दर साली आठ आठ म्हयनं कोकनात जात हुता, तवा म्या बिरुबाला कवा म्हनलं न्हाई ह्यास्नी हितं बांधून घाल म्हनून. म्या भंडारा उधळला तुमच्या वाटंवर. सुखानं जाऊ दे, सुखानं येऊ दे. आसं म्हनली आन् भाकरी थापाय लागली. तिला ठावं न्हवतं रं. ठावं नसताना म्हनली. आन् खरं हाय त्ये. भंडारा जायाच्या टायमाला टाकायचा आसतो. कळप निघाला की टाकायचा. आमच्या वाडवडलांत कुनी आडवायला टाकला न्हाई. म्याच निघालो तसला.

झालं व्हय? निघालं समदं? बघू — आबाबा, येवढा हुता! ह्ये बघ माझ्या पटक्यात, सुपारीयेवढा गोळा. आता बंद कर आन् लाव. — मग? अजून काय?

खाली? कसल्या पत्र्याच्या फटी? — आच्छा, त्यातनं गरम वारा भाईर जातोय. आन् त्यात लोकर गुतलीया. मग काढ की. — समदं उकलावं लागंल? वायरी बी? जोखीम हाय म्हनतोस. आन् न्हाई काढली तर? ... आज चालंल. म्हंजे आज ती बघंल तर पळंल. आन् मग चार दिसांनी परत रखडंल.

चार दिसांनी का आदी? — तापंल तसं. जास्ती काम केलं तर आदीच. म्हंजे गाडीत, न्हाईतर मैतरनीच्या खोलीवर, रातचं काम कराय बसल्यावर. आन् तवा म्या तिथं नसनार. तू बी नसनार. म्हननार, मशीनच खराब. कुनाचा दोष न्हाई.

आसं म्हंजे... तू मला कशाला इचारतोस? मिस्त्री तू का म्या?

बघ तिकडं. काचंतनं बघ. दिसती का, यसटीडीच्या दारात, पाठमोरी? कशी हुबी हाय बघ. एका पायावर. दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्यावर टेकलाय. शिकल्याली पोरगी, पंजाबी ड्रेस, कानाला फोन — आन् हुबी कशी हाय! त्ये आमचं हुबं ऱ्हानं हाय गड्या. काठीवर रेलून मेंढरांमागं आसंच हुबं ऱ्हात्यात, दिसभर. कुनी शिकवलं न्हाई तिला. काठी न्हाई म्हनून भितीला टेकलीया. वाटंवरच जल्मली ती. शिराळ्याच्या अल्याड, एका म्हवरीच्या रानात. कळप म्होरं गेलेला, म्या अंबूबाईपाशी. तिसऱ्या दिवशी पोरीला घोड्यावरच्या बिऱ्हाडात कोंबडीशेजारी घातली आन् निघालो. थांबून चालतंय कुटं? तवा कुनी इचारलं न्हाई, येवढी ल्हान, कुटं न्हेताय. मग साळंला घातली, हितंच वसतिगृहात. फाटकात माझं धोतर धरलं. म्हनली, आबा, कवा येनार? म्या म्हनलं, पाऊस लागला की. आन् गेलो. मेंढरं काय मास्तर राखनार हुता? पाऊस लागला की आलो. दर साली आलो. ती फाटकात हुबी आसायची. आशीच. एका पायावर.

परवा म्या तिला इचारलं, कवा येनार? दीड वर्स, म्हनली, नक्की सांगता येत न्हाई, आबा. पाऊस लागला की ये, म्हनलं. हसली. म्हनली, तिकडं रोजच लागतोय.

काढ.

काढ म्हनलं न्हवं! सगळी काढ. एक केस ठिवू नगंस. वायरी सोड, काय सोडायचं त्ये सोड, मोडलं तर माझ्यावर घे, सांग म्हाताऱ्यानं पाडलं. व्हय, आसंच सांग, पाडलं म्हन. पन लोकर ठिवू नगंस आत. आन् त्वांड बंद, हां? तिला भंडारा सांगायचा न्हाई. धूळ हुती म्हनायचं. गावाकडची धूळ. — हळू. हां, त्यो बघ, त्यो पुंजका. वढ. आरं येवढी लोकर, ह्याच्यात तर कानटोपी हुईल! दे, हिकडं दे. पटक्यातच दे.

जोड आता. म्या बोलत न्हाई. जोड.

...

चालू झालं? पंख्याचा आवाज— ऐकतोय. ऐकतोय की. पैल्यासारखा. श्वास घेतल्यागत. हात लावू का खालनं? ... गारच हाय. अजून वाईच बघू. तू मार की बोटं, मार, तापव त्याला. मार जोरानं. ... पळतंय. ... अजून पळतंय रं.

तर मग. पळंल आता जर्मनीपतोर.

डोळं न्हाईत ओले, ह्या तुझ्या गार वाऱ्यानं पानी येतंय. किती वाजलं? — आली बघ. फोन ठिवला तिनं. रस्ता वलांडती. तोंड कसं दिसतंय? हितनं दिसत न्हाई मला. तू गप. तू स्क्रू पीळ.

काय गं, काय म्हनला सायेब? — आसू दे, आसू दे, मुदत नगंच आपल्याला. बघ, चाललं तुझं. मिस्त्री हुशार हाय, त्वांड कमी आन् हात लय. — काय न्हाई गं, धूळ हुती. धूळच. इचार त्याला.

पटक्यात काय आसनार? काय न्हाई. हिकडं ये. कपाळ म्होरं कर जरा. वाक की.